हात पोचत नाही तिथे ग्लू: लाकडी फर्निचरच्या दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डुगडुगणाऱ्या खुर्च्या, फुगलेले टेबलटॉप आणि चिरलेल्या फळ्या यांबद्दल लोक विचारतात ते शब्द बदलतात, प्रश्न फिरून तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. ‘फेव्हिकॉल’ हा शब्द घरोघरी वापरतात तसाच, म्हणजे कोणत्याही कंपनीच्या पांढऱ्या ग्लूसाठी घेतला आहे. घाई असेल त्यांनी निदान प्रश्न १ आणि ६ वाचावेत. बहुतेक दुरुस्त्या या दोन ठिकाणीच फसतात.

१. डायनिंगच्या खुर्चीचा पाय हलतो. फटीत वरून फेव्हिकॉल सोडला तर बसेल का?

थोडे दिवस बसेल. पाय हलतो याचा अर्थ आतला ग्लू तुटला आहे, पण तो आतून गेलेला नाही. एका तुकड्याची खाच आणि तिच्यात बसणारं दुसऱ्याचं कुसू, या दोन्हींवर त्याचा कडक थर अजून आहे. फेव्हिकॉल लाकडाच्या बारीक छिद्रांत शिरून धरतो. वाळलेल्या फेव्हिकॉलला अशी छिद्रं नसतात, म्हणून त्यावर नवा फेव्हिकॉल नीट धरत नाही. शिवाय वरून सोडलेला ग्लू फटीच्या तोंडाशीच थबकतो. जोडाचं खरं बळ असतं कुसवाच्या दोन रुंद बाजूंवर, आणि तिथे तो पोचतच नाही.

म्हणून पहिला नियम: जोड निघत असेल तर काढाच. हाताने हलवून, नाहीतर मध्ये लाकडाचा तुकडा धरून हलक्या ठोक्यांनी. काढण्याआधी प्रत्येक तुकड्यावर मास्किंग टेप लावून खुणा करा. चार पाय सारखे दिसतात, पण एकमेकांच्या जागी क्वचितच नीट बसतात. जुना थर खरवडून साफ लाकूड उघडं करायचं, दोन्ही बाजूंना ग्लू लावायचा, आवळायचं. सिरिंज, सुया, भोकं हे सगळं जोड निघत नसेल तेव्हाचं.

२. मग सुईने आत ग्लू सोडण्याची वेळ नेमकी कधी येते?

खुर्चीचे सात जोड पक्के आहेत आणि आठवाच हलतो आहे, अशा वेळी. तो एक सोडवण्याच्या नादात सातही मोडण्याची शक्यता असते. जुन्या सागवानी सामानात कुसवातून आरपार लाकडी खुंटी मारलेली असते. ती न फोडता जोड निघत नाही. फळीची चीर, व्हिनियरचा (वरून चिकटवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्याचा) फुगा, देव्हाऱ्याच्या कोरीव महिरपीमागची सुटलेली पट्टी, भिंतीत बसवलेल्या कपाटाची चौकट, ही सगळी सुईचीच कामं.

३. इतके ग्लू मिळतात. अडचणीच्या जागी कोणता घेऊ?

आत किती पोकळी आहे यावर ठरवा, ब्रँडवर नाही.

फेव्हिकॉल एसएच आणि त्याच्यासारखे पांढरे ग्लू म्हणजे पाण्यातलं पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट. पाणी लाकडात शोषलं जातं, थोडं हवेत उडतं, आणि उरतो तो पातळ पापुद्रा. पाणी गेल्यावर तो आकसतो. म्हणून लाकूड लाकडाला घट्ट टेकत असेल तिथे याच्यासारखा दुसरा नाही, पण कागदापेक्षा जाड फट असली की त्याचं बळ झपाट्याने उतरतं. मरीन प्रकारचा पांढरा ग्लू पाण्याला जास्त टिकतो. बाल्कनीतली खुर्ची, मोरीजवळचं कपाट किंवा कोकणातलं घर असेल तर तोच घ्या.

अराल्डाइटसारखं दोन नळ्यांचं इपॉक्सी पाणी उडून नव्हे तर दोन भागांच्या रासायनिक क्रियेने घट्ट होतं. त्यामुळे आकसत नाही, पोकळी भरतं आणि फार आवळावंही लागत नाही. तोटा असा की पुढच्या दुरुस्तीला तो जोड सहसा सुटत नाही, लाकूडच तुटतं. पाच मिनिटांत आवळणारं इपॉक्सी सुईच्या कामाला घेऊ नका. सिरिंज भरेपर्यंत ते तारा धरू लागतं. हळू वाळणारं घ्या.

फेव्हिक्विक म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. पाण्यासारखं पातळ, केसाएवढ्या फटीत आपणहून ओढलं जातं. उडालेली कपची किंवा व्हिनियरची सुटलेली कड यांना छान. पण ते ठिसूळ असतं, म्हणून वजन झेलणाऱ्या जोडाला नको.

सनमायका लावायचा पिवळसर रबरी ग्लू, उदाहरणार्थ एसआर ९९८, बंद जागेत कधीच घालू नये. दोन्ही पृष्ठांवर लावून, हाताला सुकल्यासारखा झाल्यावर दाबायचा असा तो असतो. बंद फटीत त्यातलं द्रावण उडून जायला जागाच नसते; आत चिकट लगदा राहतो. फेस धरून फुगणारा पॉलियुरेथेन ग्लू फट भरल्यासारखा दिसतो, पण त्या फेसाला ताकद नसते.

सरसाबद्दल, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ग्लूबद्दल, प्रश्न १५ पाहा.

४. मेडिकलमधली साधी सिरिंज चालते का? सुई कितीची?

चालते. ५ किंवा १० मिलीची घ्या. सुई आट्यांनी फिरवून बसते ती सिरिंज मिळाली तर उत्तम, कारण नुसती दाबून बसवलेली सुई दाट ग्लूच्या दाबाने सुटून उडते आणि ग्लू भिंतीवर जातो. सुईचा नंबर जितका लहान तितकी सुई जाड. फेव्हिकॉलसाठी गुलाबी टोपीची १८ नंबरची, थोडा दाट वाटला तर पांढऱ्या टोपीची १६ नंबरची. हिरवी २१ नंबरची सुई फेव्हिकॉलला फारच बारीक पडते.

टोक कानशीवर घासून सपाट करा. तिरकं धारदार टोक लाकडात रुततं, भोक बंद होतं आणि बोटालाही लागतं. दाट ग्लू सुईतून वर ओढत बसू नका: दट्ट्या काढा, मागून भरा, दट्ट्या परत बसवा, सिरिंज उभी धरून हवा बाहेर काढा. काम झालं की लगेच पाण्याने धुवा आणि सुईत बारीक तार घालून ठेवा. इपॉक्सीची सिरिंज मात्र एकदा वापरून टाकूनच द्यायची. फेव्हिक्विक सिरिंजमध्ये भरूच नका, त्याच्या नळीचं टोक पुरतं. टाकायच्या सुया टोपी लावून कडक प्लास्टिकच्या डबीत. कचरा गोळा करणाऱ्यांचे हात उघडे असतात.

सिरिंज नसली तरी काम अडत नाही. दुधाच्या पिशवीचा मेंदीसारखा कोन करा, तोंड सुईएवढं कापा. रुंद आणि चपट्या फटीला तो सिरिंजपेक्षा बरा. जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर पट्टी ग्लूत बुडवून आत सरकवली की ती दोन्ही बाजूंना ग्लू लावत जाते.

५. फेव्हिकॉल दाट आहे. पाणी घालू का?

थोडं. १० चमचे फेव्हिकॉलला अर्धा ते एक चमचा पाणी, त्याहून जास्त नाही. पाणी वाढलं की पापुद्रा पातळ होतो, लाकूड फुगतं आणि वाळायला वेळ लागतो. आधी बाटली कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून पाहा, पुष्कळदा तेवढंच पुरतं. इपॉक्सीत थिनर टाकू नका. हेअर ड्रायरने किंचित गरम केलं की ते तेलासारखं वाहतं, मात्र घट्टही लवकर होतं.

६. दट्ट्या दाबतो तेव्हा ग्लू आत जातच नाही, भोकातून उलटा बाहेर येतो. असं का?

कारण आत हवा आहे आणि तिला जायला वाट नाही.

खुर्चीच्या पायातली खाच बहुधा आरपार नसते. तळाशी कुसवाच्या टोकापुढे थोडी पोकळी असते, आणि ती चारही बाजूंनी बंद असते. तुम्ही एका भोकातून ग्लू ढकलता, आतली हवा दाबली जाते, दाब सोडला की तीच हवा ग्लूला परत ढकलते. बंद बाटलीत नरसाळं घट्ट बसवून तेल ओतताना होतं तसंच. कितीही जोर लावला तरी उपयोग नाही. जोर वाढवला तर पातळ पाय चिरूही शकतो.

इलाज म्हणजे दोन भोकं. एकातून ग्लू, दुसऱ्यातून हवा. ग्लूचं भोक खाचेच्या तळाशी, हवेचं कुसवाच्या दुसऱ्या अंगाला, शक्यतो वरच्या बाजूला. खुर्ची अशी कलती ठेवा की हवेचं भोक सगळ्यांत उंच राहील; हवा वर जाते आणि ग्लू खालून भरत येतो. हळू दाबा. दुसऱ्या भोकातून आधी बुडबुडे, मग फेसाळ ग्लू आणि शेवटी स्वच्छ ग्लू येईल. स्वच्छ आला की पहिल्या भोकावर बोट ठेवा आणि जोड दोन-चार वेळा हलवा, म्हणजे ग्लू रुंद बाजूंवर पसरेल. मग पुन्हा थोडा दाबा. जोडाच्या चारही कडांना ग्लूची रेघ दिसली तर समजा की आत पोचला आहे. एकाच कडेला दिसली तर पोचलेला नाही.

जोड खूप सैल असेल, म्हणजे कडेने नखाची कड आत जात असेल, तर वेगळं हवेचं भोक लागत नाही. हवा त्या फटीतूनच निघते.

७. भोक पाडायचं कुठे आणि केवढं? सागवानाला भोक पाडायला जीव होत नाही.

खालून किंवा आतून, जिथे नजर जात नाही तिथे: सीटच्या खालच्या बाजूला, पायाच्या आतल्या अंगाला, कपाटाच्या मागच्या बाजूला. १८ नंबरची सुई बाहेरून साधारण १.२७ मिमी असते, तिला १.५ मिमीचा बिट. १६ नंबरच्या १.६५ मिमीच्या सुईला २ मिमीचा. भोक सुईला चपखल असावं, म्हणजे ग्लू कडेने परत येत नाही. बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर तो दुसऱ्या बाजूने बाहेर येतो.

नंतर २ मिमीचं भोक टूथपिकने बंद होतं. टोकाला ग्लू लावून ठोका, वाळल्यावर पटाशीने कापा, रंगवा. इतकी छोटी जागा पॉलिशखाली शोधूनही सापडत नाही.

८. आतला जुना ग्लू हात न घालता कसा काढायचा?

पूर्ण निघत नाही, हे आधी मान्य करा. जमेल तेवढा काढायचा. प्रश्न ७ मधल्या भोकांतूनच सिरिंजने कोमट व्हिनेगर आत सोडा, पाव-अर्धा तास थांबा, जोड हलवा, घाण बाहेर येऊ द्या, मग कोमट पाण्याने धुवा. पांढरा ग्लू व्हिनेगरने आणि उष्णतेने मऊ होतो. सरस तर नुसत्या गरम पाण्याने सुटतो. फटीत पातं शिरत असेल तर हॅकसॉ ब्लेडचा तुकडा किंवा पॉलिश पेपर चिकटवलेली पातळ पट्टी घालून खरवडा. भुसा सायकलच्या पंपाने फुंकून काढा.

यानंतर किमान दोन दिवस वाळवा. ओल्या, फुगलेल्या लाकडात ग्लू घातला तर वाळताना लाकूड आकसतं आणि जोड पुन्हा सुटतो. आणि इतकं करूनही आत थर उरल्याची शंका असेल तर फेव्हिकॉलऐवजी इपॉक्सी घ्या. जुन्या थरावर ते त्याच्यापेक्षा बरं धरतं.

९. फळीला बारीक चीर आहे. सुईही शिरत नाही.

चीर आरपार असेल तर खालून व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावा आणि वरून ग्लू सोडा. हवा खाली ओढली जाते, तिच्यामागे ग्लू जातो. नळीच्या तोंडावर पातळ कापड बांधा आणि खालून ग्लू दिसला की लगेच बंद करा.

आरपार नसेल तर चिरेवर ग्लूची रेघ ओढा आणि फळीला वरखाली किंचित वाकवत राहा. चीर उघडते तेव्हा ग्लू ओढते, मिटते तेव्हा आत दाबते. बोटाने चिरेवर दाब देऊन चोळलं तरी बराच जातो. चीर कडेला उघडी असेल तर ग्लूत भिजवलेला दोरा तिच्यातून दात साफ करतात तसा ओढा. पाचर घालून चीर रुंद करणं शेवटचा उपाय, आणि तोही अगदी हळू: पाचरेने चीर पुढे धावते.

केसाएवढ्या चिरेला पातळ फेव्हिक्विक. टोक चिरेवर टेकवा, ते आपोआप आत जाईल. कापसाने पुसू नका. कापसावर ते इतकं तापतं की चटका बसतो, धूरही येतो.

एक अपवाद. चौकटीत बसवलेली अखंड फळी दर उन्हाळ्यात चिरत असेल आणि पावसाळ्यात चीर मिटत असेल, तर ग्लू भरू नका. ती फळी चौकटीत खिळ्यांनी जखडलेली आहे आणि आकसायला जागा नसल्याने फाटते आहे. तुम्ही ती चीर बंद केलीत तर पुढच्या मे महिन्यात ती शेजारी पडेल. आधी खिळे सोडवा.

१०. टेबलाच्या व्हिनियरला फुगा आलाय. भोक पाडून सुई घालू?

भोकापेक्षा चीर बरी. धारदार ब्लेडने रेषांच्या दिशेने, फुग्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत कापा. रेषांना आडवं कापलंत तर ते आयुष्यभर दिसेल. चिरेच्या एका बाजूची कड उचलून सुईने थोडा फेव्हिकॉल, मग दुसऱ्या बाजूने. मधून कडांकडे नव्हे, कडांकडून चिरेकडे चोळत जादाचा ग्लू बाहेर काढा. प्लास्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी, त्यावर वजन. व्हिनियर ताठ झालं असेल तर कापण्याआधी ओलसर फडकं ठेवून कोमट इस्त्री फिरवा. जुनं सामान असेल आणि खाली सरस असेल, तर पुष्कळदा तेवढ्यानेच फुगा बसतो; नवा ग्लू लागतच नाही.

११. घरी क्लॅम्प नाहीत. आवळू कशाने?

सायकलच्या जुन्या ट्यूबने. उभी कापून दीड-दोन इंचांच्या पट्ट्या करा आणि ताणून गुंडाळा. गोल, वाकड्या, नक्षीदार भागांना याच्याइतकं चांगलं काही नाही. चार पाय एकत्र आवळायचे असतील तर सुती दोरीचे दोन वेढे घालून मध्ये काठी घाला आणि पीळ द्या, मग काठी पायाला अडकवून ठेवा. दोरीखाली पुठ्ठा, नाहीतर पॉलिशवर वळ उठतात. कोपऱ्यातल्या अडचणीत भिंत आणि फर्निचर यांच्यामध्ये समोरासमोर दोन पाचरी सरकवल्या तरी भरपूर दाब येतो.

जीव खाऊन आवळू नका. कडेने ग्लूची बारीक रेघ आली की पुरे. आणि आवळून झाल्यावर खुर्ची सपाट जमिनीवर ठेवून चारही पाय टेकतात ना ते पाहा; वाळल्यावर तीन पायांवर डुलणारी खुर्ची सरळ होत नाही.

१२. किती वेळ ठेवायचं? पावसाळ्यात दुरुस्ती करावी का?

खुल्या पृष्ठावर फेव्हिकॉल पहिली पाच-दहा मिनिटंच हालचाल सहन करतो, विदर्भातल्या मेमध्ये त्याहूनही कमी. म्हणून आवळायचं सामान आधी हाताशी. आवळलेलं रात्रभर ठेवा, वजन एक दिवसानंतरच टाका. सुईने भरलेल्या बंद जोडाला हवा लागत नाही, तिथे दोन दिवस द्या.

पावसाळ्यात शक्यतो नको. दमट हवेत लाकूड फुगतं, सैल जोड आपोआप घट्ट वाटतो आणि माणसाला वाटतं की खुर्ची सुधारली. त्याच वेळी फट बंद झाल्यामुळे ग्लू आत जायला वाटही राहत नाही. उन्हाळ्यात जोड उघडा पडतो, तेव्हा भरा. होळीच्या सुमाराला हे काम काढणं सगळ्यांत बरं. जुलैमध्ये करावंच लागलं तर वाळायचा वेळ दुप्पट धरा आणि पंखा लावा, ऊन नको.

१३. बाहेर आलेला ग्लू कधी पुसू?

साध्या सपाट भागावर लगेच, ओल्या फडक्याने. नक्षीत किंवा कोपऱ्यात मात्र पुसताना तो पातळ होऊन रेषांत मुरतो आणि नंतर पॉलिश तिथे धरत नाही, पांढुरके डाग राहतात. अशा जागी अर्धा-पाऊण तास थांबा. ग्लू साय धरल्यासारखा झाला की पटाशीच्या किंवा काडीच्या टोकाने अख्खा उचलून निघतो. आणखी बरं म्हणजे आधीच कडेने मास्किंग टेप लावणं.

१४. खाच मोठी झालीय. फेव्हिकॉलमध्ये भुसा कालवून भरू का?

सुतारांची जुनी सवय आहे ती, पण दिसायच्या भागातली भोकं बुजवण्यापुरती. भार घेणाऱ्या जोडात ते मिश्रण वाळून आकसतं आणि भुगा होतो. जोड निघत असेल तर कुसवाभोवती रंध्याचा लांब छिलका ग्लू लावून गुंडाळा, वाळू द्या, बसेल इतकं तासा. निघत नसेल तर फटीत पातळ लाकडी पाचर ग्लू लावून सरकवा किंवा बारीक भुसा घातलेलं इपॉक्सी भरा. इपॉक्सीत भुसा चालतो, कारण ते आकसत नाही.

१५. आजोबांच्या वेळचं कपाट आहे. मिस्त्री म्हणतात सरस वापरू. देव्हाऱ्याला तो चालेल का?

हे दोन प्रश्न आहेत. कपाटाला सरस उत्तम, कारण त्याच्या आत आधीच सरस असण्याची शक्यता मोठी आहे. गरम सरस जुन्या सरसाला थोडा विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. प्रश्न १ मधला अडसर इथे लागूच होत नाही. शिवाय पुढे कुणाला जोड सोडवायचा झाला तर गरम पाणी पुरतं. जुन्या, मोलाच्या वस्तूत इपॉक्सी भरणं म्हणजे पुढच्या कारागिराचे हात बांधणं. सरस पाण्यात भिजत घालून दुहेरी भांड्यात, सुमारे ६० अंशांवर पातळ करायचा. उकळला तर त्याचं बळ जातं. सिरिंजही कोमट पाण्यात ठेवा, नाहीतर तो सुईतच थिजतो.

सरस जनावरांची कातडी आणि हाडं यांपासून बनतो. त्यामुळे बऱ्याच घरांत देव्हारा, चौरंग, पाट यांना तो नको असतो. फेव्हिकॉल पूर्णपणे कृत्रिम आहे, तिथे तोच वापरा. मिस्त्रींना कामाआधी सांगा. नंतर कळण्यात अर्थ नाही.

१६. सावंतवाडीचं लाखकाम केलेलं स्टूल आहे. प्रश्न ८ आणि १० मधली गरम पाण्याची, इस्त्रीची युक्ती चालेल?

नाही. लाख उष्णतेने मऊ होते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. गरम पाणी, ड्रायर, इस्त्री, स्पिरिट हे सगळं लांब ठेवा. अ‍ॅसिटोनही नको. जोड कोरडाच खरवडा, लाखेच्या भागावर टेप लावा आणि सुईने थोडा थोडा फेव्हिकॉल सोडा.

१७. बिजागरीचा स्क्रू नुसता फिरतो. भोकात ग्लू भरून स्क्रू मारू?

फक्त ग्लू भरून उपयोग नाही, आट्यांना लाकूड हवं. भरीव लाकडात आगकाड्या किंवा टूथपिक फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठासा, वाळू द्या, कापा, बारीक बिटने नवं भोक पाडून स्क्रू मारा. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असेल तर आतला भुगा आधी इपॉक्सीने भिजवून घट्ट करा, नाहीतर काड्यांसकट सगळं बाहेर येतं. सनमायकाच्या गुळगुळीत पृष्ठावर फेव्हिकॉल धरत नाही हेही लक्षात ठेवा.

१८. जुनं सागवान तेलकट लागतं. ग्लू धरत नाही.

सागवानात नैसर्गिक तेल असतं. उघडा जोड असेल तर ग्लू लावण्याच्या थोडंच आधी पॉलिश पेपर मारा आणि अ‍ॅसिटोनने पुसा. बंद जोडात सिरिंजने थोडं अ‍ॅसिटोन फिरवून उडू द्या, पण पॉलिशवर थेंब पडू देऊ नका, खिडक्या उघडा आणि देवापुढची समईसुद्धा आधी शांत करा.

१९. जोडातून पिठासारखी पूड पडते. आधी ग्लू भरू की औषध?

औषध. भुंगा किंवा वाळवी जिवंत असेल तर तुमचा ग्लू तिला आत कोंडतो, एवढंच. औषध त्याच्या सूचनेप्रमाणे सोडा, पूर्ण वाळू द्या, काही आठवडे खाली काळा कागद ठेवून नवी पूड पडते का पाहा. मग गरम करून पातळ केलेलं इपॉक्सी थोडं थोडं पाजा, पोखरलेलं लाकूड ते शोषून कडक होतं. बोटाने दाबल्यावर लाकूड आत जात असेल तर मात्र तो तुकडा बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

२०. इराणी हॉटेलात असायची तशी गोल सीटची, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची घेतलीय. ती डुगडुगते. ग्लू कुठे घालू?

बहुधा कुठेच नाही. या घडणीचा मूळ नमुना, थोनेट या फर्निचर कंपनीची १८५९ ची १४ नंबरची खुर्ची, सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट यांवर उभी होती. आधी स्क्रू-बोल्ट आवळा. आटे खाल्ले असतील तर प्रश्न १७. ग्लू भरलात तर पुढच्या वेळी आवळायलाही काही उरणार नाही.

२१. झोपाळा आणि बाळाचा पाळणा सुईने दुरुस्त करून वापरू का?

झोपाळ्याच्या कड्यांजवळचा किंवा पाळण्याच्या भार झेलणाऱ्या दांड्यांचा जोड असेल तर नाही. बंद जोडात ग्लू किती पसरला ते डोळ्याने तपासता येत नाही, कडेची रेघ हा फक्त अंदाज आहे. अशा जागी जोड उघडून नवं कुसू किंवा आरपार बोल्ट, आणि तेही सुताराकडून. नक्षी, कडेच्या पट्ट्या यांना सुई चालेल.

२२. खुर्चीच्या जोडात कुणीतरी आधीच फेव्हिक्विक ओतलंय, आणि तो पुन्हा सुटलाय. आता?

आता त्यात फेव्हिकॉल धरणार नाही. जोड निघत असेल तर काढून काचेसारखा थर पटाशीने किंवा पॉलिश पेपरने उघड्या लाकडापर्यंत न्या. हट्टी ठिपक्यांवर अ‍ॅसिटोनचं फडकं काही मिनिटं ठेवा. पॉलिश मात्र अ‍ॅसिटोनने उतरतं, म्हणून जोडाच्या आतच. निघत नसेल तर खुंटीने धरा: खालून ६ मिमीचं भोक कुसवासकट पाडा, त्यात ग्लू लावलेली लाकडी खुंटी ठोका. भोकामुळे ताजं लाकूड उघडं होतं आणि खुंटी त्यालाच धरते, जुना थर तसाच राहिला तरी चालतो. खुंटीला लांबीभर एक बारीक खाचरी ठेवा, नाहीतर प्रश्न ६ मधली हवा इथेही आडवी येते.